उंदरानं कुरतडलेलं वायरिंग: डाख द्यायचा की क्रिंप करायचं?

गंगाथडीकर
रामराम मंडळी. पाथरी तालुक्यातून लिहितोय. गाडी जुनी स्प्लेंडर, वडिलांच्या वेळची. सोयाबीनची रास झाल्यावर पोती गोठ्यात लावली आन् गाडी त्यांच्याच आडोशाला उभी राहिली. काढली तेव्हा उंदरानं सीटखालचं वायरिंग खाऊन ठेवलेलं. काही वायरी पार तुटल्यात, काहींचं नुसतं कव्हर गेलंय, आतलं तांबं दिसायलंय. तात्पुरते पिळे मारून टेप गुंडाळली, गाडी चालायली. पण आता दुसरंच दुखणं निघालंय. हँडल डावीकडं पूर्ण वळवलं की हॉर्न, इंडिकेटर, न्यूट्रलचा दिवा, सगळं एकदम बंद. सरळ केलं की परत चालू. इंजिन मात्र बंद पडत नाही, हेडलाइटबी चालू राहतो.

हे काम मला स्वतः शिकायचंय. परभणीहून २५ वॅटची सोल्डरिंग मशीन, सोल्डर वायर आन् पेस्टची डबी आणलीय. व्हिडिओ बघितले तर एक जण म्हणतो सोल्डरच करा, म्हणजे डाख द्या, दुसरा म्हणतो गाडीला सोल्डर अजिबात करू नका, क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत टोकं घालून दाबा. ऐकायचं कोणाचं?

बालाघाटी
अंबाजोगाईत गॅरेज आहे, रोजचंच काम. भाऊ, तुझी दुखणी दोन आहेत आन् एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. सीटखालचं उंदराचं. हँडल वळवल्यावर जातंय ते मानेपाशी, म्हणजे हँडल चासीत फिरतं तिथं, वायर आतून तुटलेली आहे म्हणून. वरचं कव्हर शाबूत, आतले तांब्याचे केस तुटलेले. हँडल सरळ असताना तुटकी टोकं एकमेकाला टेकतात, वळवलं की सुटतात. वर्षानुवर्षं हँडल फिरून कुठल्याबी गाडीला हे होतं.

तिन्ही गोष्टी एकदम जातात, म्हणजे तिन्हींना मिळून जी वायर येते तीच गेली. तुझ्या गाडीत ती काळी. किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा प्लस तिच्यातून पुढं जातो. लाल म्हणजे थेट बॅटरी, हिरवी अर्थिंग. आधी काळी बघ, मग हिरवी. बाकीच्यांना हातच लावू नको.

इंजिन का चालू राहतं? जुन्या स्प्लेंडरला सीडीआयचा, म्हणजे स्पार्क पाडणाऱ्या डबीचा, करंट मॅग्नेटोतल्या, म्हणजे इंजिनासोबत फिरून करंट बनवणाऱ्या भागातल्या, कॉइलवरून येतो, बॅटरीवरून नाही. हेडलाइटबी मॅग्नेटोवरच, म्हणून तर एक्सलेटर दिला की उजेड वाढतो.

शोधायची रीत: टाकी काढ, हेडलाइटची वाटी उघड. मानेपाशी काळी वायर दोन्ही हातांच्या चिमटीत धर आन् बोट-बोट पुढं सरकत हळूच ताण. जिथं आतलं तांबं तुटलंय तिथं कव्हर रबरासारखं लांबतं आन् बारीक होतं. बाकी ठिकाणी वायर ताठ राहते. मीटर नसलं तरी बोटाला कळतं.

रिकामटेकडा लातूर
एवढा कुटाणा कशाला राव? पिळा मारा, वरून टेप, खेळ खल्लास. आमच्या सीडी शंभर गाडीला असलेच पिळे हाईत, अजून पळायली.

बालाघाटी
पळत असंल. पण उन्हाळ्यात सीट काढून त्या टेपला हात लाव एकदा. डिंक पाघळून बोटाला काळं चिकटंल आन् टेप सरकलेली दिसंल. त्यात पावसाचं पाणी गेलं की तांबं हिरवं पडतं. मंग "बॅटरी टिकत नाही" म्हणून गिऱ्हाईक नवी बॅटरी घेऊन बसतंय. गाडी चालते म्हणजे जोड चांगला, असं नसतं.

अण्णा वर्कशॉप
एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होतो, आता निवृत्त. हा प्रश्न दर पावसाळ्याआधी कोणी ना कोणी विचारतो, म्हणून यावेळी सविस्तर लिहितो.

सोल्डर हा गोंद नाही. पोरं दोन टोकं शेजारी ठेवतात आणि वर कथलाचा गोळा चढवतात. कथील मऊ धातू आहे, ओढ सहन करणं त्याचं काम नव्हे. जोडाची ताकद पिळातून यायला हवी. सोल्डर फक्त करंटची वाट पक्की करतो आणि तांब्याला हवा-पाणी लागू देत नाही. सोल्डर न करताही ओढल्यावर सुटणार नाही, असा पिळ आधी जमला पाहिजे.

पिळ असा. दोन्ही टोकं साधारण दोन-अडीच सेंटीमीटर सोलायची. सोलताना तांब्याचे केस तुटू द्यायचे नाहीत. ब्लेडनं गोल कापलं की हमखास चार-पाच केस जातात, म्हणून स्ट्रिपर वापरा. प्रत्येक टोक स्वतःशी हलकं पिळून घ्या. मग दोन्ही टोकं मधोमध फुलीसारखी एकमेकांवर ठेवा आणि एकाचं शेपूट दुसऱ्याच्या अंगावर घट्ट, जवळजवळ वेढे देत न्या. दुसऱ्याचं उलट बाजूला तसंच. तारखात्यातले लाइनमन तारा असेच जोडायचे. जोड सरळ रेषेत राहतो, ओढला तर आणखी आवळतो. आपल्याकडं जी चाल आहे, दोन्ही टोकं समांतर धरून शेंडीसारखी पिळायची आणि वाकवून टेप मारायची, ती गाडीत नको. ती शेंडी हादऱ्यानं टेप फाडून बाहेर येते.

आणि हो, श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, पिळाच्या आधी वायरीत ओवायची. जोड देखणा झाला आणि स्लीव्ह टेबलावरच राहिली, हे प्रत्येक बॅचच्या पोरांचं झालेलं मी पाहिलंय. ओवली की जोडापासून हातभर लांब सरकवून ठेवा, नाहीतर सोल्डरच्या उष्णतेनं तिथंच आवळून बसते.

आता सोल्डर. ६०/४० ची वायर घ्या, म्हणजे साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं, पोटात राळ भरलेली. ती १८३ अंशाला मऊ व्हायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळते. बिनशिशाची मिळते, पण ती २१७ अंशाच्या पुढं वितळते. शिकाऊ हाताला त्रास होतो, तोवर वायरीचं कव्हर पाघळतं. टोक ओल्या स्पंजावर पुसून त्यावर आधी किंचित सोल्डर घ्या, ते चकचकीत दिसलं पाहिजे. तो ओला थेंब जोडाच्या खालच्या अंगाला टेकवा. उष्णता थेंबातून तांब्यात जाते; कोरडं टोक कितीही दाबलं तरी जात नाही. सोल्डर वायर मात्र वरच्या अंगाला, तांब्यालाच लावायची, मशीनच्या टोकाला नाही. तांबं पुरेसं तापलं की सोल्डर आपोआप केसांत शोषला जातो. तिथंच थांबायचं. वेढे वरून ओळखू आले पाहिजेत. गोळा झाला म्हणजे जास्त झालं.

थंड होईपर्यंत हलवायचं नाही, फुंकायचं नाही. हललं की जोड करडा, दाणेदार दिसतो. तो कच्चा. परत तापवा.

मशीन लावण्याआधी बॅटरी सोडवा, मायनस आधी. प्लस आधी खोलायला गेलात आणि पाना चासीला टेकला तर ठिणगी उडते. मायनस निघालेला असेल तर पाना कुठंही टेकू द्या. टाकी काढून लांब ठेवा, कार्ब्युरेटरचं पेट्रोल काढून टाका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खालीच साचून राहते. गोठ्यात कडब्याशेजारी तर हे काम नकोच.

गंगाथडीकर
अण्णा, प्रिंट काढून गोठ्यात लावण्यासारखं लिहिलंत. गोठ्यात काम करायचं नाही तेवढं सोडून. 😀

काळी वायर सापडली. बालाघाटी भाऊनं सांगितलं तसंच, बरोबर मानेच्या वळणावर कव्हर लांबलं. तिथंच कापून अण्णांच्या पद्धतीनं जोडू का?

वाळूजवाली
थांबा दादा, तिथं नको!

मी वाळूज एमआयडीसीत वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या वायरींच्या बांधलेल्या गुच्छाच्या, कंपनीत क्वालिटीला आहे. सोल्डरवरून एवढं भांडण का होतं ते ऐका. सोल्डर शोषला जातो तो जोडापाशी थांबत नाही, केसांमधून कव्हरच्या आत चढतो. जिथपर्यंत चढला तिथपर्यंत वायर सळईसारखी ताठ, त्याच्या पुढं परत लवचिक. गाडीचा हादरा त्या सीमेवर येऊन बसतो. वायर जोडात तुटत नाही, जोडाच्या काठाला तुटते, आणि तीही कव्हरच्या आत, दिसत नाही. म्हणून कारखान्यात हार्नेसमधले जोड क्रिंपनं नाहीतर अल्ट्रासॉनिक वेल्डिंगनं होतात, सोल्डर नसतो.

मानेचं वळण म्हणजे दिवसातून शेकडो वेळा वाकणारी जागा. तिथं सोल्डर केला की पुढच्या हंगामात परत हाच धागा वर येईल. तिथं क्रिंपसुद्धा करू नका. जिथं वायर वाकते तिथं जोडच नको.

अण्णा वर्कशॉप
ताईंचं शंभर टक्के बरोबर. मी जागेबद्दल लिहिलंच नव्हतं, ते आता पुरं करतो. वळणातला तुकडा काढून टाका. एक जोड हेडलाइटच्या वाटीत आणि दुसरा टाकीखाली, जिथं हार्नेस चासीला बांधलेला आहे तिथं. मधे नवी अखंड वायर, त्याच जाडीची किंवा एक नंबर जाड, आणि हँडल दोन्ही टोकांना वळवून बघितल्यावर ताण येणार नाही इतकी सैल. रंगही काळाच घ्या. पुढं ज्याच्या हातात गाडी जाईल त्यानं तुम्हाला शिव्या देऊ नयेत.

सोल्डर कव्हरच्या आत चढू नये म्हणून कव्हरच्या काठाला मगर-क्लिप लावायची. ती उष्णता ओढून घेते, सोल्डर तिथंच थिजतो. आणि जोडाच्या दोन्ही अंगांना बोटभर अंतरावर वायर शेजारच्या गुच्छाला बांधून टाका. बांधलेली वायर हादऱ्यानं सगळीच हलते, एका जागी वाकत नाही. सोल्डर केलेले जोड मी बांधून दिले आहेत आणि ते टिकले आहेत. न बांधलेले टिकत नाहीत.

आयटीआय दुसरं वर्ष
ताई, मग आपण सगळं क्रिंपच का नाही करायचं? आमचे सर पक्कडनं दाबून दाखवतात.

वाळूजवाली
पक्कडनं दाबलेला क्रिंप सोल्डरपेक्षा वाईट. चपटा होतो, आत पोकळ्या राहतात, त्यात हवा आणि ओल जाते. आम्ही नमुन्याचा क्रिंप मधोमध कापतो, पॉलिश करतो आणि मायक्रोस्कोपखाली धरतो. चांगल्या क्रिंपमध्ये गोल केस गोल राहत नाहीत, एकमेकांवर दाबून मधमाशीच्या पोळ्यासारखे दिसतात, मधे फट नाही. तेवढा दाब यायला रॅचेटवाला क्रिंपर लागतो, दाब पुरा झाल्याशिवाय तो उघडतच नाही. आणि कनेक्टर वायरीच्या मापाचा हवा. कव्हरवाले बट कनेक्टर येतात, दोन्ही बाजूंनी टोकं घालायच्या नळ्या, त्यात लाल ०.५ ते १.५ स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरीला, निळा १.५ ते २.५ ला, पिवळा ४ ते ६ ला. स्प्लेंडरच्या बारीक वायरीला निळा घेऊन दाबला की झालंच, पकडच बसणार नाही.

रॅचेट क्रिंपर असेल तर क्रिंप, नसेल तर अण्णांसारखा बांधून सोल्डर. दोन्ही चालतात. अर्धवट कुठलंच नाही. आणि क्रिंप करायचं असेल तर टोकाला आधी सोल्डर पाजू नका. कथील दाबाखाली हळूहळू सरकत राहतं, पकड ढिली पडते. स्क्रूखाली टोक आवळतानाही हेच.

रिकामटेकडा लातूर
मग त्या वायर न कापता चापून बसवायच्या क्लिपा येतात त्या? गंजगोलाईत ढिगानं मिळतात.

बालाघाटी
त्या क्लिपेतली पत्ती कव्हर फाडून आत घुसते, घुसताना थोडे केसबी कापते आन् पाण्याला वाट करून देते. फॉग लाइट लावलेल्या गाड्या माझ्याकडं येतात, त्यातल्या लई गाड्यांत दोष त्या क्लिपेपाशीच सापडतो. घरातल्या सजावटीच्या माळेला लाव खुशाल.

गंगाथडीकर
भंगारातनं जुन्या हार्नेसचा तुकडा आणून त्याच्यावर हात बसवला. नव्या वायरीवर सोल्डर झकास पसरायलाय. पण गाडीच्या मूळ वायरीवर धरतच नाही, गोळी होऊन खाली पडतो. पेस्ट लावली, तरी तेच. मशीन २५ वॅटची आहे म्हणून का?

अण्णा वर्कशॉप
सोललेल्या वायरीचा रंग काय आहे? काळपट आहे ना? तोच दोष. तांब्यावर ऑक्साइडचा थर आहे, त्यावर कथील धरणार नाही. राळ हलका थर काढते, इतका जुना नाही. बोटभर मागं कापून बघा. तिथंही काळी असेल तर आणखी मागं. लाल तांबं लागेपर्यंत जा, आणि वायर तोकडी पडली तर मधे तुकडा घाला. अगदीच मागं जाता येत नसेल तर केस पसरून बारीक पॉलिश पेपरच्या घडीतून ओढा, एकेक लाल होईपर्यंत.

२५ वॅट या वायरींना पुरते. अर्थिंगचा चार-पाच वायरींचा एकत्र जोड असेल तर ६० वॅटची मागून आणा. कमी ताकदीची मशीन जास्त वेळ धरून ठेवावी लागते आणि तेवढ्यात कव्हर पाघळतं. बॅटरीच्या जाड केबलला मात्र सोल्डरच्या भानगडीत पडू नका, तिथं दाबलेला थिंबलच, म्हणजे बोल्टच्या भोकाचं धातूचं टोक.

पेस्टच्या डबीवर काय लिहिलंय? राळेची असेल तर ठीक. पत्र्याच्या डब्याला डाख देणारे ॲसिड वापरतात, तसलं काही असेल तर फेकून द्या. ते पत्र्यावर धुऊन टाकता येतं, केसांच्या आत गेलेलं कुठून धुणार? वर्षभरात आतून वायर खातं.

आयटीआय दुसरं वर्ष
अण्णा, धुरात शिसं असतं म्हणतात, खरं का?

अण्णा वर्कशॉप
धूर राळेचा असतो. शिसं उकळायला १७०० अंशाच्या वर तापमान लागतं, आपलं टोक साडेतीनशेच्या आसपास. पण राळेचा धूरही छातीला बरा नाही, दमेकऱ्यानं तर जपावं. पंखा बाजूला लावा, धुरावर वाकून काम करू नका. शिसं पोटात जातं ते हातावाटे. सोल्डर वायर दातात धरायची नाही, आणि काम झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय तंबाखू मळायची नाही.

रिकामटेकडा लातूर
शेवटची ओळ कोणासाठी होती ते कळालं. 🙏

गंगाथडीकर
काम उरकलं. दिवसा लाईट नव्हती, रात्री ओसरीत बसून केलं. काळ्या वायरीचे दोन्ही जोड सांगितलेल्या जागी, मधे नवी वायर. हँडल दोन्हीकडं टेकेपर्यंत वळवून बघितलं, हॉर्न एकसारखा वाजतो. सीटखालचे जोड एका ओळीत न ठेवता मागं-पुढं ठेवले, नाहीतर गुच्छ तिथं गाठीसारखा फुगतो, ते कव्हरखाली बसंना. नुसतं कव्हर गेलेल्या वायरी तोडल्या नाहीत, तांबं पुसून टेप मारली, ते चालंल का?

मीटर घेतलाय. जोड चांगला झाला का नाही हे मीटरवर कसं बघायचं? कंटिन्युइटीला बीप तर माझ्या जुन्या पिळालाबी यायलाय.

बालाघाटी
बीपवर जाऊ नको. एक केस शाबूत असला तरी बीप येतो. करंट वाहताना बघायचं असतं. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेव, एक पिन जोडाच्या अलीकडं, एक पलीकडं, आन् हॉर्न दाब. चांगल्या जोडावर आकडा मोजक्या मिलिव्होल्टचा येतो. पन्नास-शंभर दिसले तर जोड गरम होणार, परत कर. स्लीव्ह आवळायच्या आधी हे बघून घेतलेलं बरं. आता आवळली असंल तर जवळच्या कपलरात, म्हणजे वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या सॉकेटात, मागून पिना घाल.

तांबं उघडं पडलेल्या वायरीत केस तुटलेले नसतील तर कापू नको, बरोबर केलंस. पण काळी टेप नको. वायर कपलरातून सुटत असंल तर पिन काढून स्लीव्ह ओव, आतून गोंद असलेली. तापली की काठातून गोंद बाहेर येतो आन् पाण्याला वाट राहत नाही. पिन निघत नसंल तर कापडी हार्नेस टेप, जी कंपनीच्या वायरिंगवर असते तसली. नांदेडला नाहीतर संभाजीनगरला ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळंल.

गंगाथडीकर
हॉर्न दाबून बघितलं, एका जोडावर ३, दुसऱ्यावर ४ मिलिव्होल्ट. सीटखाली एक जुना पिळ राहिला होता ब्रेकलाइटच्या वायरीवर, हिरवी-पिवळी. तिथं ब्रेक दाबल्यावर १८० आला! दिवा मात्र पेटायला होता. तोबी काढून टाकतो.

आन् उंदराचं काय? डांबरगोळ्या, तंबाखू, मिरची पावडर सगळं सांगायलेत लोक.

वाळूजवाली
वास दोन-चार दिवसांत उडतो, उंदराला सवय होते. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, कुरतडणं त्याला भागच आहे. मऊ पीव्हीसी सापडली की तीच. हार्नेसवर पन्हाळीदार नळी चढवा, गाडीला घालतात ती काळी, लांबीत चिरलेली. चिर खालच्या बाजूला ठेवा म्हणजे पाणी साचत नाही. आणि दादा, गाडी पोत्यांपासून लांब लावा ना!

गंगाथडीकर
गाडी आता ओसरीत, पोती गोठ्यात. आईनं बडबड केली, पण ऐकलं.

आयटीआय दुसरं वर्ष
धागा पळवत नाही, पण एकच विचारतो. माझ्या पल्सरला दोन एलईडी फॉग लाइट लावायचेत. हेडलाइटच्या वायरीलाच जोड मारू का?

बालाघाटी
नको. रिले लाव, म्हणजे बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारं स्विच. हेडलाइटच्या वायरीवरून फक्त इशारा घे, रिलेच्या ८६ नंबरच्या पिनेला. ८५ अर्थिंगला. ३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून थेट वायर, फ्यूज बॅटरीजवळ, वीतभराच्या आत. ८७ वरून लाइटला. म्हणजे हेडलाइटच्या वायरीवर एकच बारीक जोड येतो आन् तो वाटीत राहतो. फॉगचे वॅट भागिले १२ केलं की करंट येतो, फ्यूज त्याच्या सव्वापट-दीडपट. पुढचं नवीन धाग्यात विचार, फोटो टाक.